आर्विलाच्या नावे काहीही ठेवलेले नाही

लिहून ठेवणार : थेल्डा सोरेन्सन, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा आधी घरकाम, मग तेलविक्री, आता काहीच नाही, राहणार स्पॅनिश फोर्क, युटा.

कारणे मृत्युपत्र लिहून ठेवते ते असे की, मला स्वादुपिंडाचा कर्करोग झालेला असून उन्हाळा दिसेल असे डॉक्टरांनी सांगितलेले नाही. माझे डोके शाबूत आहे. औषधाने गुंगी येते, पण सकाळी नऊ ते अकरा मी पूर्वीइतकीच शहाणी आणि पूर्वीइतकीच तिरसट असते, आणि हा कागद मी त्याच वेळात, चार सकाळी बसून, स्वतःच्या हाताने लिहिला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझ्या मुलीने आणून पाहिले, पण मी जुमानले नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते केले तेव्हा माझा नवरा वेंडल जिवंत होता आणि मी सुगंधी तेलांच्या कंपनीचे पांढरे जाकीट घालून हिंडत होते.

साक्षीदारांबद्दल आधीच लिहिते, कारण माझा सगळा जीव त्यातच अडकला आहे. वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. मी म्हटले, ठीक. म्हणून आर्विला हॅन्सन हिच्या नावे या कागदात सुतळीचा तोडासुद्धा ठेवलेला नाही. ती माझ्यापासून तीन घरे सोडून राहते. चाळीस वर्षे ती माझी जिवाभावाची मैत्रीण होती आणि गेली पावणेनऊ वर्षे तिने मला दार उघडलेले नाही. शुक्रवारी माझी नर्स कॅली माझी चाकाची खुर्ची ढकलत तिच्या दाराशी नेईल. मी तिच्या पायरीवर सही करीन. दार उघडले तर दुसरी साक्ष आर्विलाची. नाही उघडले, तर वकिलांच्या कचेरीतली बाई गाडीत बसलेली असेल, ती सही करील आणि आम्ही परत येऊ.

कलम १. घर. घर माझी मुलगी जॅनली आणि मुलगा रूलॉन यांना निम्मे-निम्मे. मात्र जॅनलीला तीन वर्षे इथे फुकट राहता येईल, रूलॉनने तोवर विकण्याची घाई करू नये. त्याचे आयडाहोत चांगले चालले आहे, तिचे चाललेले नाही. ती सांगते की चालले आहे. गाडी पांढरी आहे, दात पांढरे आहेत, आणि गेल्या महिन्यात तिने माझ्या फ्रिजमधले उरलेले सूप डब्यात भरून नेले. मी बघितले नाही असे तिला वाटते.

एक अट : या घराच्या तळघरात कंपनीचे एकही खोके ठेवायचे नाही. ठेवले तर तिचे राहणे त्याच दिवशी संपले.

कलम २. हत्यारे. वेंडलची वेल्डिंगची यंत्रे, पाने, करवती सगळी रूलॉनला. शिडी यात धरलेली नाही, कारण ती चौदा वर्षांपासून शेजारच्या डेलमार रॅस्मुसनकडे आहे. डेलमार, ती परत करू नकोस. आता काय करायची? पण वेंडलच्या अंत्यविधीला तू त्याचे गोडवे गायलास तेव्हा मी मनात शिडीच धरून बसले होते, एवढे तुला कळलेले बरे.

कलम ३. बँकेत जे आहे त्यातून माझा अंत्यविधी व्हावा. उरेल असे वाटत नाही. उरलेच तर रूलॉनच्या मुलींना.

कलम ४. तळघर. आमच्या चर्चच्या मंडळींत प्रत्येक घराच्या तळघरात वर्षभराचे धान्य असते. गहू, ओट्स, दुधाची भुकटी, साखर, मीठ. वाईट दिवस आले तर आपले आणि शेजाऱ्याचे निभावे म्हणून. माझ्या सासूने लग्नात मला दागिना दिला नाही, गव्हाचे बारा डबे दिले. वेंडलचा पोलाद कारखाना २००१ साली बंद पडला, तेव्हा सहा महिने आम्ही त्याच गव्हाचा ब्रेड खाल्ला आणि कोणापुढे हात पसरला नाही.

त्याच तळघरातून मी एकेक डबा बाहेर काढला आणि तिथे तेलाची खोकी रचली. लॅव्हेंडर, पेपरमिंट, लिंबू. एकदा वेंडल खाली गेला आणि तिथूनच ओरडला, "अगं थेल्डा, गहू कुठंय?"

मी वरून सांगितले, "दिला वाटून. खोक्यांना जागा नको?"

"आणि उद्या पुन्हा काही झालं तर खायचं काय? लॅव्हेंडर?"

मी रागावून दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तो बिचारा पुन्हा काही म्हणाला नाही. जायच्या आधी त्याने गुपचूप गव्हाची एक बादली आणून पायऱ्यांखाली ठेवली होती, ती मला तो गेल्यावर सापडली. त्या बादलीशेजारी बसून मी रडले ते अंत्यविधीत रडले नव्हते. ती बादली अजून तिथेच आहे. ती जॅनलीला. आता तळघरात गव्हाचे अठ्ठावीस डबे आहेत, तेही तिलाच.

आर्विलाचे तळघर मीच रिकामे करवले होते. तिने गहू भाचीला दिला आणि तिची घरघंटी मला आणून दिली. म्हणाली, "ठेव तुझ्याकडे. तुझीच खोकी ठेवायला जागा करतेय मी." आम्ही दोघी हसलो. ती घरघंटी मी ऑक्टोबरात रूलॉनच्या हातून तिच्या पायरीवर ठेवून दिली. दोन दिवस ती तिथेच होती, वर बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी नव्हती. रूलॉन म्हणाला, "आई, कचऱ्याच्या गाडीनं नेली असेल." असेल. पण कचऱ्याची गाडी गुरुवारी येते, आणि घरघंटी मंगळवारी गेली. जी वस्तू तिचीच होती ती परत केली, म्हणून ती या मृत्युपत्रात येत नाही, असे मी वकिलांना विचारून घेतले आहे.

कलम ५. कंपनीतली माझी जागा. कंपनीचे नाव लिहीत नाही, त्यांचे वकील माझ्या वकिलापेक्षा महाग आहेत. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

ही जागा म्हणजे माझ्या नावाखाली लावलेल्या बायकांची साखळी. मी बाईला आणायची, तिने दुसरीला, दुसरीने तिसरीला. प्रत्येकीच्या खरेदीतला कण वर चढत येतो. आणि ही जागा वारशात देता येते. कंपनी हे मोठ्या अभिमानाने सांगते. मंचावर पडद्यावर नातवंडांचे फोटो दाखवतात, बायका मुसमुसतात. मीही मुसमुसले आहे.

जॅनलीने मला यात आणले. कारखाना बंद झाला त्या वर्षी ती बाटल्यांची छोटी पेटी घेऊन आली आणि माझ्या मनगटावर एक थेंब चोळून म्हणाली, "आई, तुला स्वतःसाठी काय हवंय गं?" साठ वर्षांची झाले होते मी. चार बाळंतपणे झाली, त्यांतली दोन लेकरे पुरली, वेंडलचे काजळीचे कपडे तीस वर्षे धुतले. हा प्रश्न मला जन्मात कोणी विचारला नव्हता. काय उत्तर द्यावे हेच सुचेना, म्हणून मी अर्ज भरला.

मला खोटे लिहायचे नाही. ती माझी सुखाची वर्षे होती. दर मंगळवारी माझ्या स्वयंपाकघरात आठ-दहा बायका जमत, घरभर पेपरमिंटचा वास, कोणी गाजराचा केक आणलेला. जिच्या तोंडून कधी शब्द फुटला नव्हता ती उभी राहून बोलू लागायची आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. महिन्याला चेक यायचा तो छोटा, पण त्यावर माझे नाव असायचे, वेंडलचे नाही. ज्यांनी हे भोगलेले नाही त्यांनी आम्हाला मूर्ख म्हणू नये. आम्ही मूर्ख नव्हतो. आमच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते आणि एकाएकी कोणीतरी दिले.

आता माझी चूक लिहिते. चर्चच्या रीतीप्रमाणे त्या काळी प्रत्येक बाईला चार-पाच घरे नेमून दिलेली असत. महिन्यातून एकदा जायचे, बसायचे, विचारपूस करायची, एखादा चांगला विचार सांगायचा, काही अडले असेल तर धावून जायचे. मी ताजा ब्रेड घेऊन जायची. त्या यादीत पाच नावे होती, पहिले आर्विलाचे. मी ब्रेडच्या टोपलीत तेलाची पेटी ठेवू लागले. दुसऱ्या कोणाच्या दारात विकायला गेले असते तर त्या बाईने तोंडावर नाही म्हटले असते आणि विषय संपला असता. पण देवाच्या नावाने आलेल्या, हातात ब्रेड असलेल्या बाईला नाही कोण म्हणणार? वर्षभरात यादीतल्या पाचही जणी माझ्या साखळीत होत्या. मला वाटले, मी फार हुशार आहे. त्यांची भीड मी विकत होते, आणि ती माझी नव्हतीच.

आर्विला हसत म्हणायची, "थेल्डा, तू तेल विकतेस की ब्रेड, तेच मला कळत नाही बाई!" आणि घ्यायची. तिचा नवरा जेराल्ड कंपवाताने खुर्चीला खिळलेला. त्याच्या तळपायांना ती रोज रात्री तेल चोळायची. बरे होईल असे मी कधी म्हटले नाही, तसे म्हणायला कंपनीची बंदी होती. मी म्हणायची, "लावून तर बघ." ती लावून बघत राहिली, सात वर्षे. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करून घेणारी बाई तिने मध्येच बंद केली, कारण दोन्ही खर्च झेपेनात. हे मला माहीत होते. मी तिला "व्यायाम चालू ठेव, तेल सोड" म्हणायला हवे होते. मी तोंडात गुळणी धरून बसले.

मार्च २०११ मध्ये जेराल्ड गेला. पुरून आल्यावर चर्चच्या हॉलमध्ये नेहमीसारखे जेवण होते, हॅम, चीज घातलेले बटाटे, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा, हिरवी जेली. त्या महिन्यात कंपनीत माझी पायरी वर चढायची होती. त्यासाठी हाताखालच्या बारा जणींची ठरलेली खरेदी महिना संपायच्या आत व्हायला हवी होती. अकरा झाल्या होत्या. आर्विलाची राहिली होती, दहा वर्षांत पहिल्यांदा.

मी बटाट्यांची ताटली घेऊन तिच्या शेजारी बसले. तिचा हात हातात घेतला. आणि म्हटले, "आर्विला, आज एकतीस तारीख आहे गं."

तिने हातरुमालाची घडी घातली. मग म्हणाली, "हो का? माझ्या लक्षातच राहिलं नाही बघ. सॉरी हं, थेल्डा."

नवऱ्याला माती देऊन अर्धा तास झाला नव्हता, आणि तिने माझी माफी मागितली. पर्स उघडून बँकेचे कार्ड काढून दिले. कोट टांगायच्या खोलीत उभे राहून मी फोनवर त्या कार्डाचे आकडे टिपून तिची खरेदी भरली. कार्ड परत दिले तेव्हा तिने ते घेतले, पण माझ्या तोंडाकडे बघितले नाही.

पुढच्या महिन्यात मी ब्रेड घेऊन गेले. पडदा हलला, दार नाही उघडले. ब्रेड पायरीवर ठेवून आले. दुसऱ्या दिवशी तो माझ्या पायरीवर होता, त्याच फडक्यात, न कापलेला. त्यानंतर चर्चमध्ये तिने बाक बदलला. एक शब्द नाही, कोणाजवळ तक्रार नाही. तिने शिव्या घातल्या असत्या तर मी भांडले असते, आणि भांडून कदाचित मिटले असते.

त्या उन्हाळ्यात मी पांढरे जाकीट घालून कंपनीच्या मेळाव्यात, सॉल्ट लेकच्या मंचावर गेले. तीन हजार बायकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. मी हात हलवला. आणि इतके करूनही मी सोडले नाही, आणखी तीन वर्षे चालू ठेवले. हे लिहायला मला सगळ्यात जड जाते आहे.

सोडले ते वेंडल गेला तेव्हा. अंत्यविधीनंतरच्या जेवणाच्या वेळी माझ्याच साखळीतली एक मुलगी माझ्या शेजारी बसली, माझा हात हातात घेतला आणि मुठीत एक छोटी बाटली ठेवली. "दुःखात याचा फार आधार होतो," म्हणाली. ते वाक्य मीच तिला शिकवले होते. हात कसा धरायचा तेही. तिचा राग आला नाही मला, स्वतःची किळस आली. त्या दिवशी आर्विला मागच्या बाकावर बसून गेली, जेवायला थांबली नाही.

तर ही जागा. काम सोडले तरी ती माझ्या नावावरच राहिली. नियम असा की ती एका वारसाला द्यायची. कोणी मागितली नाही तर सहा महिन्यांनी ती वरच्याकडे जाते. माझ्या वर जॅनली आहे. म्हणजे कसेही केले तरी तिच्याकडेच. ती डिसेंबरात कागद घेऊन आली होती. "आई, नुसती सही कर. सदतीस बायका आहेत तुझ्याखाली. त्या माझ्या झाल्या की मी वर जाते. हा तुझा वारसा आहे, आई!"

सही केली नाही. त्याऐवजी त्या सदतीस जणींना हाताने पत्रे लिहिली. इतक्या वर्षांत मला पैसे आले किती आणि माझे गेले किती, तेवढेच. आले त्याहून गेले जास्त. पाच जणींनी मला उलट शिव्या लिहून पाठवल्या आणि साखळी सोडली. आणखी एकोणतीस नुसत्याच सोडून गेल्या. तिघी आहेत, एक म्हणते तिची डोकेदुखी पेपरमिंटने थांबते. थांबत असेल, मला काय.

जॅनलीला कळले तेव्हा ती माझ्या पलंगापाशी उभी राहून किंचाळली, "आई, पोटच्या पोरीच्या पोटावर पाय दिलास तू!"

दिला, जॅनली. ही जागा आणि त्या तिघी तुला. बाकी घर आहे, गहू आहे, तीन वर्षे आहेत. तू मला विचारले होतेस, तुला काय हवंय. मी तेव्हा उत्तर दिले नाही. मला तू हवी होतीस. मंगळवारी तू यायचीस, म्हणून मी ते सगळे केले. तू नुसतीच आली असतीस तरी मी केक केला असता. मी पहिल्या दिवशी "नको गं बाळा" म्हटले असते तर तू तेव्हाच थांबली असतीस, कदाचित. ते मी केले नाही, म्हणून आता करते. तू त्रेपन्न वर्षांची आहेस. मी साठीला सुरुवात केली होती, तू त्या वयाआधी थांबू शकतेस.

कलम ६. पांढरे जाकीट आणि मोत्याची पिन. कोणालाही देऊ नये. जाकिटाची फडकी करावीत, कापड चांगले आहे. पिन खोटी आहे, मी दातांनी चावून बघितली आहे.

कलम ७. माझा देह. आमच्यात बाई गेली की तिला शेवटचा पांढरा पोशाख चढवायला मैत्रिणी जातात. आर्विला आणि मी मिळून चौदा जणींना चढवला. आर्विला आधी आपले हात गरम पाण्यात धरायची. म्हणायची, "आयुष्यभर गार पाण्यात हात घातलेत हिनं, आता तरी गार हात नको." चौदावी बाई झाली तेव्हा आम्ही ठरवले होते : जी आधी जाईल तिला दुसरी. तिने गमतीत म्हटले होते, "तू जाड होऊ नकोस फक्त." आता मी चाळीस किलो आहे.

तर माझे सांगणे असे की, चर्च जिला पाठवील तिने हे काम करावे. आर्विलाला विचारायला कोणीही जाऊ नये. रूलॉनने नाही, जॅनलीने तर मुळीच नाही. तिला नाही म्हणता येत नाही, हे मला माहीत आहे, आणि मी त्याचा एकदा फायदा घेतला आहे. तिच्या दाराशी पुन्हा कोणी माझ्यासाठी काही मागायला उभे राहिलेले मला चालणार नाही. मी शुक्रवारी जाते आहे ती फक्त सहीसाठी, आणि तीही तिने नाकारली तर कोणी तिला बोल लावू नये.

आज, शुक्रवारी सकाळी कॅलीने विचारले, "आजी, पुढच्या आठवड्यात गेलो तर? थंडी किती आहे!" मी म्हटले, नाही. आजच. आज एकतीस आहे. एकदा मी याच तारखेला तिच्याकडून काही घेतले होते. याच तारखेला मी तिच्यासमोर बसणार, आणि माझ्या टोपलीत काही नसेल.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे आणि मला मान्य आहे. शुद्धलेखन रूलॉनने तपासू नये.

स्थळ : आर्विला हॅन्सन हिच्या घराची <s>पायरी</s> स्वयंपाकघर, स्पॅनिश फोर्क
तारीख : ३१ जानेवारी २०२०

सही : थेल्डा सोरेन्सन

साक्षीदार पहिली : कॅली ओल्सन, नर्स. थेल्डा आजींनी माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली.

साक्षीदार दुसरी : आर्विला हॅन्सन. वर "पायरी" खोडून "स्वयंपाकघर" मी केले आहे. बाहेर बर्फ आहे आणि ती आजारी आहे. सहीआधी सगळा कागद वाचला. मी तिला माफ केलेले नाही. सही केली ती कोणाच्या भिडेने केलेली नाही. कलम सात मला मान्य नाही, आमचे आधीच ठरलेले आहे. पोशाख मीच चढवीन, हात गरम करून.